निविदा लिहिणाऱ्या साहेबांना

प्रति,
आरोग्य खात्यांसाठी संगणकीय कामांच्या निविदा लिहिणारे व मंजूर करणारे सर्व अधिकारी,
नवी दिल्ली आणि मुंबई

विषय : प्रमाणित आरोग्य-सॉफ्टवेअरची सार्वजनिक यादी आणि ती सांभाळण्याचं कंत्राट

महोदय, महोदया,


आपण लिहिलेली निविदा आम्हा तालुक्याच्या लोकांपर्यंत कधी पोचत नाही, तिचे परिणाम मात्र वेळेवर पोचतात. तेव्हा आज एक कागद उलट्या दिशेने पाठवते आहे.

सोयगावात माझ्या भावाचा बारा खाटांचा दवाखाना आहे. तो पेशंट तपासतो आणि बाकीचं सगळं मी बघते : केसपेपर, बिलं, औषधांचा साठा, विम्याचे कागद, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी आणि काउंटरवरचा संगणक. सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलतो आणि माझ्यासमोर दोन तास बसतो. अशा माणसांनी दिलेली रंगीत पत्रकं माझ्या खणात आहेत. जवळपास प्रत्येकावर ‘एबीडीएम प्रमाणित’ असं ठसठशीत छापलेलं आहे. कशाबद्दल प्रमाणित, कधी, कुठली आवृत्ती, हे एकावरही नाही.

आपल्याला पाठ असलेली गोष्ट इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची, म्हणजे एबीडीएमची, घोषणा १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून झाली. तेव्हा त्याचं नाव राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मिशन होतं. सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचपणी होऊन २७ सप्टेंबर २०२१ ला ते देशभर लागू झालं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी पाच वर्षांकरता १,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येक माणसाला १४ आकडी आभा क्रमांक, आणि त्या क्रमांकाला त्याच्या आजारपणाचे सगळे कागद जोडलेले, अशी ती कल्पना. पण कागद जोडायचे कोणी? दवाखान्यात जे सॉफ्टवेअर चालतं त्याने. ते बनवतात खासगी कंपन्या आणि एनआयसी, सी-डॅकसारख्या सरकारी संस्था. प्रत्येकाला आधी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रणालीत, चाचणी द्यावी लागते. तिचे तीन टप्पे आहेत. एम-वनमध्ये आभा क्रमांक काढणं आणि पडताळणं, एम-टूमध्ये दवाखान्यातली नोंद त्या क्रमांकाला जोडून उपलब्ध करून देणं, एम-थ्रीमध्ये पेशंटच्या संमतीने दुसऱ्या ठिकाणची नोंद मागवून बघणं. सोबत सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा यंत्रणेच्या पॅनेलवरच्या संस्थेकडून सुरक्षेची तपासणी. हे पार पडलं की नाव प्रमाणित सॉफ्टवेअरच्या सार्वजनिक यादीत.

त्या यादीचं महत्त्व सोयगावात बसल्यावर जास्त कळतं. आम्ही जिल्ह्याच्या अगदी टोकाला. संभाजीनगरची घाटी, म्हणजे सरकारी रुग्णालय, सुमारे शंभर किलोमीटरवर. पाचोरा आणि जळगाव त्या मानाने जवळ, पण तो जिल्हा वेगळा, महसुली विभागही वेगळा. बनोटीकडची बाई बाळंतपणाला पाचोऱ्याला जाते, तिची सोनोग्राफी जळगावला होते, ऑपरेशनचं घाटीत ठरतं आणि टाके काढायला ती आमच्याकडे येते. येताना तिच्या हातात कापडदुकानाची पिशवी असते, पिशवीत चार ठिकाणचे कागद, आणि त्यातले निम्मे थर्मल प्रिंटचे, उन्हाने आणि घामाने पांढरे झालेले. डॉक्टर ते उजेडाकडे धरून तिरपे करून वाचतो. रक्तगट वाचता येतो, तारीख येत नाही. आभा क्रमांकाची खरी गरज कोणाला असेल तर ती अशा सीमेवरच्या तालुक्याला आहे. मुंबईच्या माणसाचे सगळे डॉक्टर एकाच शहरात असतात.

आता माझी तक्रार. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट एका कंपनीची नाही.

आम्ही एक सॉफ्टवेअर घेतलं. विक्रेत्याने मला मोबाइलवर यादीचा स्क्रीनशॉट दाखवला, त्यात कंपनीचं नाव होतं. संगणक बसला, माणूस शिकवून गेला, आणि आम्ही काउंटरवर आभा काढायला लागलो. आभा काढणं म्हणजे काय असतं ते एकदा प्रत्यक्ष पाहण्यासारखं आहे. म्हातारीचं आधार जोडलेलं असतं मुलाच्या नंबराला, आणि मुलगा सुरतेला लूमवर, पाळीत. त्याला फोन लावायचा, यंत्रांच्या आवाजात तो ‘काय? काय?’ करणार, मग ओटीपीचे सहा आकडे तो ओरडून सांगणार आणि आम्ही इकडे पाटीवर खडूने लिहून घेणार, कारण कागद शोधेपर्यंत वेळ संपतो. एवढं करून क्रमांक निघाला की म्हातारी कार्ड पदरात बांधते. तिला सांगितलेलं असतं की आता पुढच्या दवाखान्यात कागद न्यायला नकोत.

पण नोंदी जोडल्या जात नव्हत्या. आमच्या संगणकात डिस्चार्ज कार्ड दिसायचं, पेशंटच्या फोनवरच्या ॲपमध्ये रिकामं. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, एम-टू पुढच्या अपडेटमध्ये येतंय.’ खोदून विचारल्यावर कळलं की चाचणी पास झालेलं उत्पादन कंपनीचं मोठ्या हॉस्पिटलांसाठीचं. आम्हाला विकलेलं छोट्या दवाखान्यांचं, वेगळं, फक्त एम-वन झालेलं. कंपनी एकच, लोगो एकच, पत्रकही एकच. पुढे आम्ही ते सोडायचं ठरवलं, तेव्हा आमच्याच पेशंटची माहिती काढून देण्याचे पैसे मागितले गेले, आणि दिली ती पीडीएफच्या गठ्ठ्यात, जी दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येत नाही.

आमच्या तालुक्याला नावाच्या गोंधळाची सवय आहे म्हणा. जगप्रसिद्ध लेणी सोयगाव तालुक्याच्या हद्दीत, आणि नाव सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठ्याचं. त्यात कोणाचं काही बिघडत नाही, पर्यटक बरोबर फर्दापुरलाच येतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा असला तर काय होतं ते पदरात कार्ड बांधलेल्या म्हातारीला विचारा.

आपण म्हणाल, हे विक्रेत्याचं खोटं, त्यात निविदेचा काय संबंध? संबंध असा की असं खोटं खपू न देणं, हेच त्या यादीचं काम. ते तिने करावं की नाही, हे ती सांभाळण्याचं कंत्राट कोणत्या शब्दांत लिहिलंय त्यावर ठरतं. आणि ते शब्द आपले.

सरकारी संकेतस्थळाच्या देखभालीची कुठलीही निविदा उघडली की सेवा-पातळीचा एक तक्ता असतो. सर्व्हर महिन्यात ९९.५ टक्के वेळ चालू पाहिजे, पान अमुक सेकंदांत उघडलं पाहिजे, बिघाड तमुक तासांत निघाला पाहिजे, नाहीतर बिलातून कपात. हे सगळं यंत्र मोजतं, त्यामुळे लिहायला सोपं आणि कंत्राटदाराला पाळायलाही सोपं. पण सुरक्षेचा दाखला संपलेलं उत्पादन यादीत अजून दिसतंय का, कंपनीने विकायचं थांबवलेलं सॉफ्टवेअर अजून चालू म्हणून उभं आहे का, एम-वनवाल्याच्या नावापुढे चुकून एम-थ्री पडलंय का, हे त्या तक्त्यात कुठे बसतं? यादीतली माहिती सहा महिने चुकीची असली आणि पान मात्र रोज झटकन उघडत असलं, तर तक्त्याप्रमाणे काम चोख आणि बिल पूर्ण. कंत्राटदाराला दोष देता येत नाही. आपण जे मागितलं ते त्याने दिलं.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी विनंती इथेच आहे. पैसे खरेपणाला बांधा. दर महिन्याला यादीतल्या थोड्या नोंदी चिठ्ठ्या टाकून काढा. त्या कंपनीला फोन करा, आणि ते सॉफ्टवेअर खरोखर वापरणाऱ्या एखाद्या दवाखान्यालाही करा. नोंदीत लिहिलंय ते काउंटरवर चालतं का, एवढंच विचारा. किती खरं निघालं त्यावर त्या महिन्याच्या बिलाचा मोठा वाटा ठरवा. आणि ही तपासणी कंत्राटदाराने स्वतःची स्वतः करू नये, तिसऱ्याने करावी. हे खर्चिक नाही. त्यासाठी लागतात एक टेलिफोन, एक नीट विचारणारा माणूस, आणि निविदेतली चार वाक्यं.

दुसरी गोष्ट नोंद ठेवण्याच्या रीतीची. आमच्याकडे चावडीवर बसलेला कोणीही माणूस सातबारा वाचतो. जमीन विकली गेली तरी जुन्या मालकाचं नाव पुसत नाहीत, त्याला पूर्वी कंस करायचे, आता आडवी रेष मारतात, आणि शेजारी फेरफार क्रमांक पडतो. तो क्रमांक धरून फेरफार नोंदवहीत गेलं की कोणी, कधी, कशाच्या आधारे बदल केला ते सापडतं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला तरी न पुसण्याची ही रीत राहिली, आणि म्हणूनच भांडण कोर्टात गेलं तरी पुरावा हाती असतो. सॉफ्टवेअरच्या यादीला असा फेरफार हवा. प्रत्येक उत्पादनाला, नव्हे, त्याच्या प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र क्रमांक. कोणता टप्पा कोणत्या तारखेला पास झाला, सुरक्षेची तपासणी कधी झाली आणि कधीपर्यंतची, हे त्या क्रमांकापुढे. नाव काढलं तर पुसायचं नाही, कंस करायचा आणि कारण लिहायचं. आणि तो क्रमांक विक्रेत्याने कोटेशनवर आणि बिलावर छापलाच पाहिजे. मग मला कोणी स्क्रीनशॉट दाखवणार नाही. मी क्रमांक टाकेन, काय ते समोर येईल.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेने २००९ च्या हायटेक कायद्यानंतर दवाखान्यांना प्रमाणित सॉफ्टवेअर वापरण्यासाठी सरकारी पैसे देऊ केले, तेव्हा अशीच एक सार्वजनिक यादी उभी केली. तिच्यात उत्पादनाच्या आवृत्तीगणिक वेगळा क्रमांक असतो, चाचणीचा अहवाल उघडा असतो, नंतरच्या तपासणीत दोष सापडला तर तोही तिथेच दिसतो, आणि दवाखान्याला सरकारकडे दावा करताना त्या यादीवरूनच ओळखक्रमांक काढून द्यावा लागतो. तरीही फसवणुकीचा आरोप व्हायचा तो झालाच. ई-क्लिनिकल-वर्क्स या कंपनीने २०१७ मध्ये १५ कोटी ५० लाख डॉलर भरून अमेरिकी सरकारशी तडजोड केली. दोष कोर्टात सिद्ध झाला नाही, पण सरकारचं म्हणणं असं होतं की चाचणीत लागणारे तेवढेच औषधांचे कोड सॉफ्टवेअरमध्ये घालून ठेवले होते, पूर्ण सूची घातलीच नव्हती. या प्रकरणाला तोंड फोडलं ते न्यूयॉर्कच्या तुरुंगातल्या दवाखान्यात ते सॉफ्टवेअर बसवताना ते जवळून पाहिलेल्या एका तंत्रज्ञाने. परीक्षकांच्या हातून सुटलं ते काउंटरवरच्या माणसाला दिसलं.

म्हणून तिसरी विनंती : काउंटरवरच्या माणसाला यादीत जागा द्या. तक्रार नोंदवायचं बटण सगळीकडे असतं, ते दाबल्यावर तक्रार क्रमांक येतो आणि विषय संपतो. मला हवंय ते वेगळं. एखाद्या उत्पादनाबद्दल आलेल्या तक्रारी, त्यांवर काय झालं, कंपनीचं उत्तर, सगळं त्या नोंदीखाली दिसावं. खोट्या तक्रारी येतील, मान्य. प्रतिस्पर्धी कंपन्या माणसं बसवून तक्रारी टाकतील, हेही मान्य. म्हणून तक्रार आरोग्य सुविधा नोंदणी क्रमांक असलेल्या दवाखान्याकडूनच घ्या. तो क्रमांक आपणच आम्हाला दिला आहे, एरवी तो फारसा कामाला येत नाही.

पैशाचं बोलते, कारण पैसा आला की दाखल्याला भाव येतो. आपल्याकडे १ जानेवारी २०२३ पासून डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजना सुरू झाली. आभाला जोडलेल्या नोंदींमागे दवाखान्यांना, लॅबना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनाही रक्कम देऊ केली, कमाल ४ कोटी रुपयांपर्यंत. हेतू चांगला आहे. पण जिथे यादीतल्या एका नावावर एवढे पैसे हलतात, तिथे ती यादी सांभाळणाऱ्यावर दबाव येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा कंत्राटात स्पष्ट लिहा की यादी सांभाळणाऱ्याने, त्याच्या भगिनी कंपनीने किंवा उपकंत्राटदाराने यादीतलं कुठलंही सॉफ्टवेअर विकायचं नाही, आणि चाचणीही घ्यायची नाही. विकणारा, तपासणारा आणि लिहून ठेवणारा असे तीन वेगळे असू द्या. कंत्राट चालू असताना कंपन्या एकमेकींत विलीन होतात, म्हणून ही अट पहिल्या दिवसापुरती न ठेवता दरवर्षी लेखी घ्या.

आणि एल-वन. सगळ्यांत कमी बोली त्याला काम, ही पद्धत खुर्च्या आणि सतरंज्या घ्यायला उत्तम आहे. यादी सांभाळण्याचं काम असं दिलं की काय होतं ते कोणत्याही सरकारी कार्यालयात गेल्यावर दिसतं. कमी बोली लावणारा कंत्राटदार एजन्सीमार्फत दोन-तीन मुलं ठेवतो, त्यांना हातात येणारा पगार आपल्याला सांगायला नको. ती मुलं हुशार असतात. वर्षभरात कुठली कंपनी कुठल्या नावाने फिरते, कोणाची कोणती आवृत्ती कधी आली, हे त्यांना पाठ होतं. मग कंत्राट बदलतं, एजन्सी बदलते, मुलं जातात, आणि नवीन मुलं एक्सेलच्या फाइलसमोर बसतात. फाइल हस्तांतरित होते, जाण होत नाही. केंद्राच्या खर्च विभागाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार सल्लागार सेवांपलीकडच्या कामांतही, काही अटींवर, गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येतं. ती वाट वापरा. त्या गुणांत ‘तत्सम कामाचा अनुभव’ आणि ‘तीन वर्षांची उलाढाल’ एवढंच न मोजता, हे काम प्रत्यक्ष कोण करणार, त्याला किती पगार आणि तो किती वर्षं राहणार, तेही मोजा.

खरं तर माझं मत असं की यादीची जाण असलेला एक तरी माणूस सरकारच्या पटावर कायमचा हवा. ज्ञानाची कमतरता नाही. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं देशाने २०१३ मध्ये आणली, २०१६ मध्ये सुधारली, आणि त्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आपल्याच पुण्यात सी-डॅककडे आहे. कंत्राटदाराकडून सर्व्हर घ्या, प्रोग्रॅम लिहून घ्या, हरकत नाही. ‘हे नाव काढायचं’ आणि ‘हे ठेवायचं’ हा निर्णय ज्याची बदली होते पण ज्याचं कंत्राट संपत नाही अशा माणसाचा असावा.

कंत्राट संपण्यावरून आठवलं. जुलै २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षं चाललेली एचएमआयएस ही रुग्णनोंदींची संगणक प्रणाली बंद झाली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली. नंतर एनआयसीचं ई-हॉस्पिटल आणलं गेलं. त्या वादात चूक कोणाची, हे ठरवण्याइतकी कागदपत्रं माझ्यापुढे नाहीत आणि मी ठरवणारही नाही. पण ज्याने जुन्या नंबरावर आपला एक्स-रे मागितला असेल त्याला तो वाद काय कळणार? पैसे अडले की प्रणाली अडते, आणि प्रणाली अडली की पेशंट अडतो. यादीच्या बाबतीत हे होऊ नये म्हणून कंत्राटाच्या पहिल्याच पानावर शेवट लिहा : संकेतस्थळाचं नाव, पासवर्ड, प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सगळ्या जुन्या नोंदी सरकारच्या नावावर, दर तीन महिन्यांनी त्यांची प्रत सरकारच्या ताब्यात, आणि सोडून जाणाऱ्याने नव्याला शिकवल्याशिवाय शेवटचं बिल नाही. बिल थकलं तरी यादी बंद करता येणार नाही, हेही. त्याच्या थकबाकीसाठी त्याने कोर्टात जावं, मी त्याच्या बाजूने बोलेन.

हाच नियम यादीत येणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरलाही लावा ना. दवाखान्याने सोडायचं ठरवलं तर पेशंटच्या नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा रूपात, फुकट आणि ठरावीक दिवसांत द्यायच्या. जी कंपनी हे लिहून देणार नाही तिच्या नावापुढे तसं लिहा. बाकी आम्ही बघून घेऊ.

काही छोट्या मागण्या एका दमात सांगते. यादी मोबाइलवर नीट दिसू द्या, कारण तालुक्यात ती मोबाइलवरच उघडली जाते, तेही डोंगराच्या बाजूने येईल तेवढ्या रेंजवर. शोधण्याची सोय मराठीत द्या. पूर्ण यादी एका फाइलमध्ये उतरवून घेता येऊ द्या; २०१२ चं राष्ट्रीय माहिती सामायीकरण धोरण त्याच विचाराचं आहे, मागावं लागू नये. सॉफ्टवेअरची किंमतही लिहायला लावा, निदान वर्षाची देखभाल किती आणि एका संगणकामागे किती. आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरने तेच सॉफ्टवेअर कितीला घेतलं, हे मला लग्नाच्या पंगतीत कळतं.

आणि कंत्राटाचे कागदही त्याच पानावर ठेवा. कार्यादेश, मुदतवाढी, दंड किती लावला आणि किती माफ केला, सगळं. माहितीचा अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये अशी माहिती कोणी न मागता जाहीर करायला सांगितलं आहे. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज करायला मला कमीपणा वाटत नाही, पण आपला आणि माझा महिना त्यात का घालवायचा?

आपली बाजूही मला दिसते. निविदा लिहिताना आपल्यापुढे लेखापरीक्षक असतो, न्यायालय असतं, उद्या चौकशी लागली तर काय, ही भीती असते. जुन्या निविदेतली अट जशीच्या तशी उचलली तर कोणी विचारत नाही, नवी अट घातली तर ती कोणासाठी घातली असं विचारतात. मोजता येईल तेवढंच मागायचं, ही सवय त्यातूनच लागलेली असणार. पण वर मागितलेली एकही गोष्ट मोजता न येणारी नाही. फोन केला, नोंद खरी निघाली किंवा नाही निघाली. नाव काढलं, कारण लिहिलं किंवा नाही लिहिलं. लेखापरीक्षकाला यापेक्षा सोपं काय देणार?

शेवटची विनंती प्री-बिड बैठकीची. तिला बोली लावणाऱ्या कंपन्या येतात आणि त्यांच्या शंकांवरून शुद्धिपत्रक निघतं. सहसा त्या शंका उलाढालीची अट कमी करा, बयाण्याची रक्कम कमी करा, दंड कमी करा, अशा असतात. यादी वापरणाऱ्यांतून कोणाला बोलावल्याचं मी तरी ऐकलं नाही. पुढच्या वेळी चार-पाच तालुक्यांच्या दवाखान्यांना आणि एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राला बोलवा. जरंडीच्या किंवा बनोटीच्या केंद्रातली सिस्टर दहा मिनिटांत जे सांगेल ते सल्लागार कंपनीच्या अहवालात येत नाही, आणि तिला मानधनही द्यावं लागत नाही. दिलंत तर उत्तमच. बैठक मुंबईला न ठेवता व्हिडिओवर ठेवा, दुपारी तीननंतर, कारण सकाळची ओपीडी तोवर चालते. मंगळवार नको, आमच्या भागात मंगळवारी सोयगावचा बाजार आणि दवाखान्यात उभं राहायला जागा नसते. दुसरा कुठलाही वार चालेल. बैठकीची लिंक आठवडाभर आधी मिळाली तर मी भावाच्या ओपीडीतून वेळ काढून नक्की बसेन, वर लिहिलेल्या प्रत्येक अटीचा मसुदा सोबत घेऊन.

कळावे, उत्तराची अपेक्षा आहेच.

आपली नम्र,
एका बारा खाटांच्या दवाखान्याची व्यवस्थापक
सोयगाव, जि. छत्रपती संभाजीनगर